चोवीसपट लहान म्हणजे नक्की किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छंदांच्या पानावर एका छोट्या गाडीचा फोटो छापला होतात, लाल बीटल, आरशासारखा रंग, फोटो झकास आला होता. आधी त्याबद्दल थँक्यू, कारण सुटे भाग जोडून छोट्या गाड्या बनवायच्या आमच्या या किटच्या नादाला पेपरात जागा मिळते कधी, घरातल्या कपाटात मिळताना मारामारी. पण फोटोखाली ओळ होती की खऱ्या गाडीपेक्षा २४ पट लहान असलेलं खेळणं. ती वाचून मी चहा तसाच ठेवला आणि बायकोला म्हटलं, मी पत्र लिहिणार. ती म्हणाली लिहा, निदान तेवढा वेळ घरात थिनरचा वास येणार नाही.

मी राहतो नौपाड्यात आणि नोकरीला रबाळे एमआयडीसीत, टूलरूममध्ये, प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या डाय, म्हणजे साचे, बनवतो, बादलीचं झाकण, मिक्सरची बॉडी, कंगवा, जे येईल ते. दिवसभर ड्रॉइंग आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर, आणि संध्याकाळी घरी आलो की परत तेच, फक्त छोट्या मापात. त्यामुळे २४ पट हा शब्द असा सैल वापरलेला दिसला की हात शिवशिवतात, काय करणार.

तर असल्या गाडीच्या बॉक्सवर १:२४ लिहिलेलं असतं, म्हणजे लांबी २४ पट कमी. पण रुंदीही २४ पट कमी आणि उंचीही, म्हणजे आकारमान २४ गुणिले २४ गुणिले २४, बरोबर १३,८२४ पट कमी. आपली मारुती ८०० घ्या, ३३३५ मिलिमीटर लांब, वजन धरा साडेसहाशे किलो. १:२४ मध्ये ती होते १३९ मिलिमीटर, म्हणजे तळहात आणि निम्मी बोटं मिळून जवळपास तेवढीच, आणि वजन? ४७ ग्रॅम. अख्खी मारुती, इंजिन, सीटा, मागच्या काचेतला गणपती धरून, एका छोट्या बटाटेवड्याएवढी. गंमत म्हणजे प्लॅस्टिकचं मॉडेल हातात घेतलंत तर ते यापेक्षा जड लागतं, लोखंड नाही काही नाही तरी जड, कारण खऱ्या गाडीचा पत्रा असतो पाऊण एक मिलिमीटर आणि किटच्या बॉडीची भिंतच सव्वा मिलिमीटर, ती २४ ने गुणली तर ३० मिलिमीटर जाड पत्रा झाला, असल्या पत्र्याची मारुती घाटात चढणारच नाही. पातळ करायला जावं तर डायमध्ये माल पुढे सरकत नाही, अर्ध्यात थिजतो. हे मी रोज बघतो म्हणून सांगतोय.

बरं हे झालं गणित, गणितात भांडण नाही. खरी गोम आहे ती बॉक्सवर जो आकडा छापलेला असतो त्यात. लोकांना वाटतं तो आकडा कुणीतरी नीट विचार करून ठरवलेला असेल, किलो-मीटरसारखा. तसं काही नाही हो. एकेका आकड्यामागे कुठे रेल्वे आहे, कुठे बॅटरी आहे, कुठे चक्क खोका आहे.

मला हे पहिल्यांदा कळलं ते कपाटामुळे. माझ्याकडे तामिया या जपानी कंपनीच्या किटची एक बीटल होती, १:२४, आणि मग एका मित्राने अमेरिकेहून येताना जुन्या मस्टँगचं किट आणलं, त्यावर १:२५. म्हटलं एक आकड्याचा तर फरक, काय कळणार. दोन्ही बनवल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, आणि दोन दिवस मला काहीतरी खुपत राहिलं पण काय ते कळेना. मस्टँग म्हणजे अमेरिकन गाडी, हातभर बॉनेट, ती बीटलपुढे दांडगी दिसायला हवी की नको, ती दिसत होती जरा भिडस्तच. शेवटी व्हर्नियर लावला. खरी पहिली मस्टँग १८१.६ इंच लांब, १:२५ मध्ये येते १८४.५ मिलिमीटर, तीच १:२४ असती तर १९२ च्या पुढे गेली असती. पावणेआठ मिलिमीटर गेले. आणि आकारमानात बघाल तर १:२४ ची गाडी त्याच १:२५ च्या गाडीपेक्षा १३ टक्क्यांनी मोठी भरते, डोळा ते पकडतो, आकडा पकडत नसला तरी. त्यात मी अजून शहाणपणा केला होता, बीटलच्या सीटवर १:२५ चा ड्रायव्हर बसवला होता. सहा फुटी माणूस १:२४ मध्ये बरोबर तीन इंच, ७६ मिलिमीटर, आणि १:२५ मध्ये ७३. तीन मिलिमीटरच, पण स्टिअरिंगच्या वरून त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. शेजारचा पोरगा म्हणाला, काका, हा लायसन्स नसलेला दिसतोय.

आता हे दोन आकडे का? १:२४ चं सोपं आहे, फुटाला अर्धा इंच. ज्यांचं आयुष्य फूट-इंचात गेलं त्यांना पट्टी घेतली की झालं, भागाकार नको. १:२५ आला तो अमेरिकेतल्या शोरूममधून. तिकडे मोटार कंपन्या नवीन मॉडेल आलं की डीलरकडे ठेवायला, गिऱ्हाइकाला दाखवायला, त्याच्या पोराच्या हातात द्यायला म्हणून त्याच गाडीची छोटी प्लॅस्टिकची प्रत काढून घ्यायच्या, प्रोमो म्हणतात त्याला, आणि त्या १:२५ मध्ये असायच्या. एएमटी नावाची कंपनी हेच करायची, पुढे १९५८ च्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की डाय तर आपल्याकडे आहेतच, त्याच वापरून सुटे भाग करून पोरांना विकले तर? झालं, किटचा धंदा उभा राहिला आणि १:२५ त्याला जन्मापासून चिकटला. टूलरूमवाल्याला विचाराल तर तो सांगेल की यात काही नवल नाही, डाय बनवायलाच सगळा पैसा जातो, एकदा बनली की तिच्यातून जे जे काढता येईल ते माणूस काढतो. (त्या सुरुवातीच्या प्रोमो ॲसिटेटच्या असायच्या, ते प्लॅस्टिक काही वर्षांत वाकडं होतं, आजही जुन्या प्रोमोंचे फोटो बघितले तर गाड्या उन्हात ठेवलेल्या पापडासारख्या दिसतात.)

पण मग असंही समजू नका की अमेरिका म्हणजे १:२५ आणि जपान म्हणजे १:२४. मोनोग्रॅम अमेरिकेचीच, ती १:२४ करायची, रेव्हेल १:२५ करायची, आणि १९८६ मध्ये दोघी एकत्र आल्या, तेव्हापासून एकाच घरातून दोन्ही मापांचे बॉक्स निघतात. घेताना बॉक्सचा कोपरा वाचावाच लागतो.

ठाण्याच्या माणसाला रेल्वेचं सांगायला नको, १६ एप्रिल १८५३ ची गाडी बोरीबंदरहून निघून आपल्याकडेच आली होती. तर छोट्या गाड्यांचे अर्धे आकडे रेल्वेनेच दिलेत. ते १:४३ आहे ना, ज्यात त्या महागड्या धातूच्या गाड्या काचेच्या डबीत मिळतात, तो आकडा कुठून आला माहितीये? इंग्रजांच्या ओ गेज खेळण्यातल्या रेल्वेत एका फुटाला सात मिलिमीटर धरायचे. फूट एकीकडे, मिलिमीटर दुसरीकडे, एका ताटात वरण आणि चायनीज. ३०४.८ भागिले ७, आलं ४३ आणि वर थोडं. हॉर्नबीची रेल्वे बनवणाऱ्या कंपनीनेच १९३० च्या दशकात स्टेशनबाहेर ठेवायला छोट्या मोटारी काढल्या, त्याच पुढे डिंकी म्हणून गाजल्या, आणि त्यांच्या मागून बाकीचे. आपल्याकडेही डिंकीच्या जुन्या डायमधून काढलेल्या गाड्या निकी नावाने विकल्या जात होत्या, ज्यांचं लहानपण तेव्हाचं आहे त्यांच्या माळ्यावर असेल एखादी, बघा.

ओच्या निम्मं ते एचओ, फुटाला साडेतीन मिलिमीटर, १:८७. त्या मापात ती बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटरची लाइन टाकायची म्हटली तर ३९० मीटर, म्हणजे स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला रिक्षाची रांग असते साधारण तेवढी. आणि इंग्रजांची गंमत तर पुढेच आहे, त्यांची इंजिनं मुळात अंगाने बारीक, साडेतीनच्या हिशेबाने केली तर आत मोटरच बसेना, म्हणून त्यांनी वरची बॉडी फुटाला चार मिलिमीटर केली आणि रूळ मात्र तेच साडेसोळा मिलिमीटरचे ठेवले. म्हणजे माणूस मोठा, चप्पल जुनीच. ओओ म्हणतात त्याला, १:७६, आणि त्या हिशेबाने रुळांमधलं अंतर भरतं साधारण १२५७ मिलिमीटर, जे खरं हवं १४३५. इतकी वर्षं झाली, लाखो लोक त्यावर गाड्या चालवतायत, कुणाला झोप लागत नाही असं नाही. आणि आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटी, १६७६ मिलिमीटर, ती १:८७ मध्ये हवी सव्वाएकोणीस, पण बाजारातले रूळ तेच साडेसोळा, त्यामुळे आपली लोकल करून त्यावर उभी केली की ती पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. डब्यात गर्दी असल्यासारखी.

खोक्याचं म्हणत होतो ते असं. मॅचबॉक्स गाड्या १९५३ पासूनच्या, नावातच आहे, काडेपेटीसारख्या खोक्यात बसली पाहिजे. मग बस असो, क्रेन असो की छोटी कार, सगळ्यांना तेवढ्याच खोक्यात राहायचंय, म्हणजे बसचं माप वेगळं आणि कारचं वेगळं. हॉट व्हील्सचं तेच, सगळे १:६४ म्हणतात पण कचऱ्याचा ट्रक आणि बीटल दोन्ही हातात घेऊन बघा, एकाच लांबीचे. याला आमच्यात बॉक्स स्केल म्हणतात, म्हणजे खोका म्हणेल ते. तसं म्हटलं तर माप काढून कोण खेळतं, मी स्वतः लहानपणी तलावपाळीच्या बाजूला घेतलेली रिक्षा आणि बेस्टची डबलडेकर एकाच लांबीच्या होत्या आणि माझी काही तक्रार नव्हती. रिक्षा बसला कट मारायची. आता विचार केला तर तेवढं तरी स्केलमध्ये होतं.

बॅटरीची गोष्ट रणगाड्यांची आहे पण सांगतो, कारण तिच्याशिवाय हे पुरं होत नाही. तामियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं किट काढलं, ते चालणारं हवं होतं, आत मोटर आणि बॅटरी बसायला पाहिजे, तर बॅटरी बसेल एवढा रणगाडा केला आणि नंतर भागाकार करून बघितला, तो निघाला १:३५ च्या आसपास. आज जगभर रणगाड्यांचं ते ठरलेलं माप आहे. काय कारण, तर सेल. गाड्यांच्याही जुन्या जपानी किटमध्ये मोटर असायची, म्हणून कुठे पोट खाली आलेलं, कुठे बूड रुंद झालेलं, वरून आकडा १:२४ च. हे सांगतोय म्हणून तामियाला कुणी नावं ठेवू नका, त्याच माणसांनी १९७६ च्या १:१२ पोर्शे ९३४ च्या किटसाठी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून बघितली. अख्खी पोर्शे. माझ्या साहेबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, आपण मिक्सरच्या वेळी गिऱ्हाइकाकडून सँपल मागितलं होतं ते अजून आलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बॉक्सवरचा आकडा म्हणजे नाव आहे, माप नाही. माप काढायचं तर व्हीलबेस काढा, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. एकूण लांबी धरू नका, बंपर बदलतात, नंबर प्लेट बदलते, कुणी पुढे क्रॅशगार्ड लावलेला असतो, चाकं मात्र जिथल्या तिथे असतात. खऱ्या गाडीचा व्हीलबेस भागिले मॉडेलचा व्हीलबेस, जो आकडा येईल तो खरा. मी माझ्या कपाटातल्या सगळ्या गाड्यांचा काढलाय, वहीत लिहिलाय. १:२४ लिहिलेली एक निघाली १:२३.४ आणि एक निघाली २५ च्याही पलीकडे. कुणाच्या ते लिहीत नाही, उगाच कशाला.

यात थोडा दोष आमच्या धंद्याचाही आहे म्हणा. किटचं प्लॅस्टिक, पॉलिस्टायरीन, थंड झालं की आक्रसतं, हजारात पाचएक, म्हणून डाय तेवढी मोठी कापावी लागते, हिशेब चुकला की १४० मिलिमीटरच्या गाडीत पाऊण मिलिमीटर इकडे-तिकडे. बॉडी डायमधून सुटायला कडेला ड्राफ्ट द्यावा लागतो, म्हणजे सरळ भिंत जराशी तिरकी. आणि दारांच्या फटी! खऱ्या गाडीत दार आणि बॉडीमध्ये चार मिलिमीटर, ते १:२४ मध्ये ०.१७, म्हणजे डोक्याचे दोन केस. एवढी बारीक रेघ रंगाच्या पहिल्याच हाताने बुजते, म्हणून किटमध्ये ती अर्धा मिलिमीटर ठेवतात, जी खऱ्या गाडीत बारा मिलिमीटर झाली, दार लावून पेन्सिल आत सरकवता येईल. पण डोळ्याला तेच बरोबर वाटतं, ०.१७ केली तर गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. रंगाचं उलट आहे. खऱ्या गाडीचा मेटॅलिक रंग आणून मारला, अगदी कंपनीचा शेड नंबर, तर त्यातली चमचम २४ पट मोठी होते, रव्याच्या दाण्याएवढी, आणि गाडी लग्नाच्या पत्रिकेसारखी दिसते. इथे खरं वापरून खोटं दिसतं आणि तिथे खोटं करून खरं दिसतं, ही गंमत मला वीस वर्षांत पुरलीये.

रंगाचा विषय निघालाच तर ठाण्यातला पावसाळा. जून ते सप्टेंबर स्प्रे मारायचा नाही हे मला माहीत आहे आणि तरी दर वर्षी मी मारतो, दोन दिवस ऊन पडलं की वाटतं आता मारू. गेल्या जुलैमध्ये गच्चीवर टाकीच्या आडोशाला जाऊन लॅकरचा काळा मारला, मारताना काच, आणि पाच मिनिटांत बघता बघता त्यावर पांढरट साय धरली. हवेतलं दमट पाणी रंगात अडकतं, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो ना, त्याने. काळी गाडी राखाडी झाली. मग ती डेटॉलमध्ये बुडवून रात्रभर ठेवली, रंग सुटतो, फक्त बाहेर काढल्यावर लगेच नळाखाली धरायची नाही, पाणी लागलं की त्या सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि तो दाराच्या रेघांमध्ये जाऊन बसतो. आधी डेटॉलमध्येच जुन्या ब्रशने घासायची, मग साबण, मग पाणी. हे मी ज्या दिवशी शिकलो त्या दिवशी बाथरूममध्ये दीड तास होतो आणि बाहेर आई विचारत होती, कुणाला लागलंय का रे.

आता तुमच्या ओळीतला दुसरा शब्द, खेळणं. मी मनाला लावून घेत नाही, पण या एका शब्दापायी पैसे जातात. कस्टमच्या यादीत ९५०३ नंबरखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी आणि स्केल मॉडेल सगळं एकाच ओळीत बसवलंय, आणि त्यावरची ड्युटी २०२० च्या बजेटात २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. इथल्या खेळण्यांच्या धंद्याला आधार मिळावा म्हणून, ते ठीकच आहे, मी स्वतः इथल्याच प्लॅस्टिकवर जगतो. पण दोनशे तुकड्यांचं, सुरी आणि गोंद लागणारं किट, जे मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चष्मा लावून करतो, ते आणि बाळाचा खुळखुळा एकच कसा? माझं एक पार्सल असंच अडकलं होतं, तिथल्या माणसाने विचारलं की मुलाचं वय किती, मी म्हटलं मुलगा नाही, मीच, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमलो आणि पैसे भरून निघालो.

पत्र लांबलं, पण मुख्य गोष्ट राहिलीच आहे आणि खरंतर त्यासाठीच लिहायला बसलो.

जपान्यांच्या जिम्नीचं किट मिळतं, मिनीचं मिळतं, बीटलचं मिळतं. मला हवी होती पद्मिनी. १०८९ सीसी, हाताचा गिअर, पुढे ती त्रिकोणी काच, जी उघडली की वारा बरोबर ड्रायव्हरच्या बगलेत. कुर्ल्याला बनायची, आधी फिएट म्हणून, मग १९७४ पासून पद्मिनी म्हणून. माझ्या बाबांना सकाळी पहाटेच्या गाडीला सोडायला काळीपिवळी यायची ती हीच. टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत, ती २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, तेव्हा पेपरांनी खूप फोटो छापले. त्याच सप्टेंबरात बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकरही गेल्या. फोटो हजारो आहेत, पण फोटोवरून गाडी करता येत नाही, लेन्स सगळं वाकवते. मापं लागतात.

किट मिळेना म्हणून ठरवलं की प्लॅस्टिकच्या शीटमधून स्वतः कापायची. आमच्या सोसायटीत मागच्या बाजूला, जिथे पाण्याचे टँकर वळतात, एका काकांची पद्मिनी कव्हर घालून उभी होती. काकांकडे गेलो, ते आधीच म्हणाले, गाडी विकायची नाहीये हो. म्हटलं विकत नको काका, फक्त मापायची आहे. तेव्हा जास्त घाबरले. पण मग शनिवारी सकाळी स्वतःच खाली उतरून टेपचं टोक धरून उभे राहिले.

पहिल्या वेळी व्हीलबेस आला २३५५. छापील आकडा २३४०. पुढची चाकं जराशी वळलेली होती ते माझ्या लक्षातच आलं नाही. स्टिअरिंग सरळ केलं, दोऱ्याला एक नट बांधला, चाकाच्या मध्यावरून तो जमिनीपर्यंत सोडला, जिथे टेकला तिथे खडूने खूण, असे चार, आणि मग जमिनीवरच्या खुणा मापल्या. डावीकडे २३३८, उजवीकडे २३४३. काकांना म्हटलं गाडी डावीकडे ओढते का, तर त्यांचा चेहरा उजळला, म्हणाले ऐंशी सालापासून ओढते. १:२४ ला साडेसत्त्याण्णव मिलिमीटर. चौदा इंची रिम, तिचे झाले १४.८, आणि माझ्या डब्यात अमेरिकन किटची चौदा इंचीच चाकं पडलेली होती, लावून बघितली तर १४.२, कारण ती १:२५ ची. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण पद्मिनीला चपला लहान झाल्यासारख्या दिसत होत्या, काढली.

पुढचं नाक, बॉनेटचा उंचवटा, छताची गोलाई, सगळं पुठ्ठा कापून कापून, लावून बघून उतरवून घेतलं. उंची मात्र कशी घ्यायची हा प्रश्नच होता कारण मागचे पाटे बसलेले, गाडी मागे टेकलेली. म्हटलं मागची बाजू पुढच्या शनिवारी, जॅक आणतो. पुढच्या शनिवारी कंपनीत डाय अडकली, रविवारी पाऊस. मग गणपती आले. मग काका पुण्याला मुलाकडे गेले, मुलगा येऊन फ्लॅटची आवराआवर करून गेला, आणि मी एक दिवस ड्युटीवरून येतो तर टँकर वळायच्या जागी खडूच्या चार खुणा आणि तेलाचा एक डाग. वॉचमन म्हणाला, भंगारवाला सकाळी क्रेन घेऊन आला होता.

तर माझ्याकडे आता पद्मिनी आहे ती मागच्या दारापर्यंत. पांढऱ्या प्लॅस्टिकची, कपाटात दुसऱ्या खणात, मागून उघडी, बायको म्हणते टेम्पो वाटतोय. मागची काच किती कलते, डिकीचं झाकण कुठून खाली वळतं, आणि मागच्या दिव्यांवर ती जी छोटीशी शेपटीसारखी धार निघते ती नक्की किती वर येते, एवढं राहिलंय. अंदाजाने करता आलं असतं. दोनदा केलं आणि दोनदा कापून टाकलं, एकदा ती ॲम्बॅसेडरसारखी दिसायला लागली.

तुमचा पेपर ठाण्यात आणि ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत घरोघरी येतो म्हणून विनंती, कुणाच्या सोसायटीत, गॅरेजमध्ये, आंब्याच्या झाडाखाली पद्मिनी उभी असेल तर संपादकांकडे कळवा, त्यांच्याकडे माझा नंबर आहे. चालू असलीच पाहिजे असं नाही. मला दोन तास लागतील, जॅक, दोरा, खडू, पुठ्ठा सगळं मी आणीन, गाडीवर ओरखडा येणार नाही. फक्त टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी खाली या.

आपला,
एक किटवाला वाचक, नौपाडा, ठाणे